आकाशातली शीव कोण राखतं? देशोदेशींच्या हवाई वाहतूक नियंत्रणाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गावात शीव म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. आपलं रान कुठे संपतं, शेजारच्या गावाचं कुठे सुरू होतं, गुरं पलीकडे गेली तर निरोप कुणाला द्यायचा, हे सगळं ठरलेलं असतं. आकाशातही अशा शिवा आहेत. मुंबईहून लंडनला निघालेलं विमान वाटेत दहा-बारा देशांच्या हद्दी ओलांडतं आणि आत बसलेल्या माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही. मी बरीच वर्षं शाळा-कॉलेजांत विमानवाहतुकीवर बोलत आलो आहे. तिथे मुलं आणि त्यांचे पालक पुन्हा पुन्हा जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे.

आकाशाला हद्द असते म्हणजे नेमकं काय?

७ डिसेंबर १९४४ रोजी शिकागोत आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतुकीच्या करारावर सह्या झाल्या. त्याचं पहिलंच कलम सांगतं की आपल्या भूमीवरच्या आकाशावर प्रत्येक देशाची संपूर्ण सत्ता आहे. त्याच कराराने जगाला इकाओ ही आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटना दिली. तिचं मुख्यालय कॅनडात माँट्रियलला आहे आणि आज १९३ देश तिचे सदस्य आहेत.

रोजच्या कामासाठी मात्र जगाचं आकाश ‘फ्लाइट इन्फर्मेशन रीजन’ नावाच्या तुकड्यांत वाटलेलं आहे. त्याला सगळे एफआयआर म्हणतात, पोलीस ठाण्यातल्या एफआयआरशी त्याचा काही संबंध नाही. भारतात मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई असे चार एफआयआर आहेत आणि गुवाहाटी हा एक उपविभाग. मुंबईचा एफआयआर नकाशावर पाहिला की माणूस थक्क होतो. नागपूरपासून गोव्यापर्यंतची जमीन त्यात येते आणि पुढे अरबी समुद्राचा प्रचंड पट्टाही. कराची, मस्कत, मोगादिशू, सेशेल्स आणि माले हे त्याचे शेजारी.

खोल समुद्रावरचं आकाश तर कुणाचंच नाही. मग तिथे मुंबईला अधिकार कुठून मिळाला?

देशांनी इकाओच्या बैठकांत बसून वाटून घेतला. किनाऱ्यापासून दूर, खुल्या समुद्रावर कोणत्याच देशाची सत्ता चालत नाही. पण तिथून जाणाऱ्या विमानांना कुणीतरी मार्ग द्यायचा, वादळाची खबर द्यायची आणि एखादं बेपत्ता झालं तर शोध सुरू करायचा. हे काम मुंबईकडे आहे. म्हणजे जबाबदारी आहे, सातबारा नाही. हा फरक एकदा डोक्यात बसला की पुढचे निम्मे वाद आपोआप मिटतात.

एका देशाने दुसऱ्याकडे विमान ‘सोपवलं’ म्हणजे काय केलं?

मुंबईहून पश्चिमेला निघालेल्या विमानाबरोबर थोडं जाऊन पाहू. किनाऱ्याजवळ ते रडारवर दिसतं आणि व्हीएचएफ रेडिओवर पायलटचा आवाज स्वच्छ येतो. साधारण दोनशे नॉटिकल मैलांनंतर पृथ्वीचा गोलावा आड येतो आणि दोन्ही संपतं. पुढे एक तर लांब पल्ल्याचा एचएफ रेडिओ, ज्यावर खरखरीतून शब्द वेचून घ्यावे लागतात, नाहीतर उपग्रहामार्फत येणारे लेखी संदेश आणि विमानाने आपणहून पाठवलेली जागा. ‘रास्की’, ‘पारार’, ‘किटाल’ अशी पाच अक्षरी नावं असलेले काही बिंदू मुंबई आणि मस्कतच्या शिवेवर आहेत. समुद्रावर तिथे काहीच नाही, एखादा बोयाही नाही. नकाशावरचे ते फक्त आकडे आहेत, पण दोन्हीकडच्या कंट्रोलरच्या, म्हणजे जमिनीवरून विमानांना मार्ग देणाऱ्या माणसांच्या, तोंडी ती नावं आपल्या स्टेशनांच्या नावांसारखी रुळलेली असतात.

दोन केंद्रांमध्ये लेखी करार असतो. कोणत्या बिंदूवर विमान द्यायचं, कोणत्या उंचीवर, पुढच्या-मागच्या विमानात किती अंतर ठेवून, किती मिनिटं आधी कळवून आणि यंत्र बंद पडलं तर काय करायचं, हे त्यात कलमवार लिहिलेलं असतं. जिथे दोन्हीकडचे संगणक एकमेकांशी बोलतात, तिथे ठरावीक संदेश जातात. आधी ‘एबीआय’, म्हणजे असं असं विमान येतंय. मग ‘ईएसटी’, अमुक बिंदूवर, अमुक वेळी, अमुक उंचीवर. पलीकडून ‘एसीपी’ येतो, म्हणजे मान्य. शिवेजवळ ‘टीओसी’, आता सांभाळा. आणि शेवटी ‘एओसी’, घेतलं. हा शेवटचा संदेश येईपर्यंत विमान आपलं. मग मुंबई पायलटला सांगते, ‘कॉन्टॅक्ट मस्कत कंट्रोल’ आणि फ्रिक्वेन्सीचे आकडे. पायलट ते आकडे परत म्हणून दाखवतो. काही सेकंदांनी मस्कतच्या हेडफोनमध्ये त्याचा आवाज येतो, ‘मस्कत कंट्रोल, गुड इव्हिनिंग, फ्लाइट लेव्हल ट्री सिक्स झीरो.’ म्हणजे ३६ हजार फूट. ‘थ्री’ नाही, ‘ट्री’. खरखरीत कुणाचा गोंधळ होऊ नये म्हणून आकड्यांचे उच्चारसुद्धा जगाने ठरवून घेतले आहेत.

संगणक नसेल किंवा रुसला, तर थेट टेलिफोन. ‘हॉटलाइन’ हा शब्द ऐकून राजकारण आठवतं, पण कंट्रोल रूममध्ये ती दिवसरात्र वाजणारी साधी गोष्ट आहे.

शिवेवर चूक झाली तर खरंच एवढं बिघडतं?

हो. या सगळ्या खटाटोपामागचं खरं कारण तेच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

१ जुलै २००२ च्या रात्री दक्षिण जर्मनीत उबरलिंगेन गावावर सुमारे ३५ हजार फुटांवर दोन विमानं एकमेकांवर आदळली. एक रशियाचं प्रवासी तुपोलेव, दुसरं मालवाहू बोइंग. ७१ माणसं गेली. तुपोलेवमध्ये बहुतांश शाळकरी मुलं होती, स्पेनला सुटीसाठी निघालेली. आकाश जर्मनीचं, पण नियंत्रण स्वित्झर्लंडच्या झुरिक केंद्राकडे होतं. तिथे त्या वेळी एकच कंट्रोलर दोन जागा सांभाळत होता आणि दुरुस्तीसाठी मुख्य टेलिफोन यंत्रणा बंद होती. शेजारच्या जर्मनीतल्या कार्ल्सरूहे केंद्राच्या पडद्यावर धोक्याचा इशारा आला. तिथल्या माणसाने झुरिकला पुन्हा पुन्हा फोन लावला. लागला नाही. शिवेच्या पलीकडे एका माणसाला सगळं दिसत होतं आणि त्याचा आवाज अलीकडे पोहोचत नव्हता. मला या संपूर्ण विषयात याहून अस्वस्थ करणारं दुसरं काही माहीत नाही.

त्यात भर म्हणजे तुपोलेवच्या टक्करविरोधी यंत्राने ‘वर जा’ म्हटलं आणि कंट्रोलरने ‘खाली या’. वैमानिकांनी कंट्रोलरचं ऐकलं. दुसऱ्या विमानालाही त्याचं यंत्र खालीच नेत होतं. यंत्राचा हुकूम आणि माणसाचा हुकूम वेगळा पडला तर यंत्राचं ऐकायचं, हा नियम त्यानंतर इकाओने निःसंदिग्ध शब्दांत लिहिला.

पुढे २००६ मध्ये कॉन्स्टान्झच्या न्यायालयाने जर्मन सरकारलाच जबाबदार धरलं. आपलं आकाश परदेशी कंपनीच्या हाती देताना दोन देशांमध्ये वैध करारच झालेला नव्हता, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. वर्षानुवर्षं ‘चालतंय ना’ म्हणून चाललेली व्यवस्था होती ती.

दुसरं उदाहरण बहुतेकांना आठवत असेल. ८ मार्च २०१४ ला क्वालालंपूरहून बीजिंगला निघालेलं मलेशियाचं विमान २३९ जणांसह नाहीसं झालं. ते पडद्यावरून गेलं ते ‘इगारी’ या बिंदूवर, म्हणजे मलेशियाने निरोप दिलेला आणि व्हिएतनामशी अजून बोलणं झालेलं नाही, त्या मधल्या क्षणी. मलेशियाला शेवटचं ‘गुड नाइट’ १ वाजून १९ मिनिटांनी झालं. विमान आलं नाही तर पाच मिनिटांत विचारायचं, असं दोन केंद्रांच्या करारात होतं. व्हिएतनामच्या हो ची मिन्ह केंद्राने विचारलं १ वाजून ३९ मिनिटांनी. त्यानंतर समुद्रावरच्या विमानाची जागा दर पंधरा मिनिटांनी तरी कळलीच पाहिजे, असं जागतिक मानक आलं आणि ते २०१८ पासून लागू झालं.

एवढे धोके आहेत, तर सगळ्या जगासाठी एकच कंट्रोल रूम का नाही?

तंत्र आडवं येत नाही. आडवं येतं ते सार्वभौमत्व, लष्कर आणि काही अंशी पैसा.

युरोपने १९६० मध्येच हा प्रयोग मांडला. बेल्जियम, नेदरलँड्स, लक्झेंबर्ग, फ्रान्स, पश्चिम जर्मनी आणि ब्रिटन या सहा देशांनी यूरोकंट्रोल नावाची संस्था काढली. वरचं आकाश सगळ्यांचं मिळून सांभाळायचं, हा हेतू. पण फ्रान्स आणि ब्रिटनने आपलं आकाश आपल्याच हाती ठेवलं. उरलं ते मास्ट्रिख्टचं केंद्र. १९७२ पासून ते चालू आहे आणि बेल्जियम, नेदरलँड्स, लक्झेंबर्ग आणि जर्मनीचा वायव्य भाग, एवढ्या आकाशातली २४,५०० फुटांवरची सगळी वाहतूक एकाच छताखालून पाहतं. त्या भागात एका देशातून दुसऱ्यात जाणाऱ्या विमानाला हद्द लागतच नाही.

मोठं स्वप्न मात्र अडखळलं. ‘एकसंध युरोपीय आकाश’ म्हणून २००४ मध्ये कायदे झाले, देशांचे नऊ गट पाडले, २०१२ ची मुदत घातली. गट कागदावर झाले, केंद्रं जिथल्या तिथे राहिली. तरीही ब्रुसेल्समधून सगळ्या युरोपच्या विमानांची गर्दी एकत्रित मोजली जाते आणि विमानाला उड्डाणाची नेमकी वेळ तिथूनच मिळते, ही गोष्ट छोटी नाही. युरोपातल्या विमानतळावर ‘स्लॉटची वाट पाहतोय’ अशी घोषणा ऐकली असेल, तर तो स्लॉट बहुधा ब्रुसेल्सहून आलेला असतो.

श्रीमंत युरोपातच असं घडतं असं नाही. आफ्रिकेत पूर्वीच्या फ्रेंच वसाहतींनी १९५९ मध्ये असेक्ना ही सामाईक संस्था उभी केली, मुख्यालय डाकारला. मध्य अमेरिकेतल्या छोट्या देशांनी १९६० मध्ये कोसेस्ना काढली. एकट्याला परवडणार नाही म्हणून एकत्र आले आणि साठ वर्षांहून जास्त टिकले.

आपलं आकाश दुसऱ्या देशाच्या हाती देणं म्हणजे कमीपणा नाही का?

मला तसं वाटत नाही, पण असं वाटणाऱ्यांची भावना मला समजते. सिंगापूरजवळच्या इंडोनेशियाच्या रियाउ बेटांवरचं आकाश १९४६ पासून सिंगापूर सांभाळत आलं. इंडोनेशियात ही सल पिढ्यान्‌पिढ्या होती. शेवटी जानेवारी २०२२ मध्ये करार झाला आणि २२ मार्च २०२४ पासून तो लागू आहे. हद्द बदलून ते आकाश जकार्ताच्या एफआयआरमध्ये आलं आणि त्यातला सिंगापूर विमानतळाला लागून असलेला, ३७ हजार फुटांपर्यंतचा भाग इंडोनेशियाने आपणहून २५ वर्षांसाठी सिंगापूरकडे सोपवला. विमानांच्या दृष्टीने फारसं काही बदललं नाही. बदललं ते एवढंच की आधी जे परंपरेने चालत होतं, ते आता मालकाने सही करून दिलं. उबरलिंगेनच्या बाबतीत नेमकी हीच सही नव्हती.

अटलांटिकवर तर दोन देशांनी नावही एक करून टाकलं. आयर्लंडचं शॅनन आणि स्कॉटलंडचं प्रेस्टविक मिळून ‘शॅनविक’. रेडिओवर बोलतो आयर्लंड, नियंत्रण करतो ब्रिटन.

दोन विमानांमध्ये वर-खाली हजार फुटांचं अंतर पुरतं का? आणि हे ठरवलं कुणी?

पुरतं. पूर्वी २९ हजार फुटांच्या वर दोन हजार फूट लागायचे, कारण विरळ हवेत उंचीमापक तितके अचूक नव्हते. यंत्रं सुधारली तसं अंतर निम्मं केलं. अटलांटिकवर १९९७ मध्ये, युरोपात जानेवारी २००२ मध्ये आणि आपल्या भागात २७ नोव्हेंबर २००३ ला. २९ ते ४१ हजार फुटांच्या पट्ट्यात आधी सात मजले होते, आता तेरा झाले. गंमत म्हणजे हे एकट्या देशाला करता येतच नाही. शेजारी जुन्याच हिशेबाने चालत असेल तर प्रत्येक विमानाला शिवेवर चढउतार करायला लावावी लागते. म्हणून आपल्याकडे भारत आणि आखाती देशांनी एकाच दिवशी बदल केला. चीन आजही उंची मीटरमध्ये देतो, त्यामुळे त्याच्या हद्दीवर वैमानिकांना तक्ता पाहावाच लागतो. रशियाने वरच्या आकाशात २०११ मध्ये फूट स्वीकारले.

अंतर कमी केलं की ते सुरक्षित राहतंय ना, हे कुणीतरी सतत मोजावं लागतं. बंगालचा उपसागर, अरबी समुद्र आणि हिंदी महासागराच्या भागात समुद्रावरच्या मार्गांवर विमानांमधलं आडवं अंतर नीट पाळलं जातंय का, हे पाहणारी संस्था चेन्नईत आहे. तिचं नाव बोबास्मा. तिचा हिशेब आजूबाजूच्या देशांनाही उपयोगी पडतो. आपल्याकडे तिचं नाव फार थोड्यांना माहीत आहे.

शेजारी देशाने आकाश बंद केलं तर काय होतं?

वळसा पडतो. फेब्रुवारी २०१९ मध्ये बालाकोटनंतर पाकिस्तानचं आकाश बंद झालं ते १६ जुलैपर्यंत. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर पाकिस्तानने २४ तारखेला भारतीय विमानांना आणि भारताने ३० तारखेला पाकिस्तानी विमानांना बंदी केली. मुंबईहून युरोपला जाणाऱ्यांना याची झळ कमी लागते, कारण ते एरवीही बरेचदा समुद्रावरून जातात. दिल्लीची विमानं मात्र गुजरातवरून खाली अरबी समुद्रावर येतात आणि मुंबई-मस्कतच्या शिवेवरची गर्दी वाढते.

२१ मे २०२५ ला दिल्लीहून श्रीनगरला निघालेलं इंडिगोचं विमान गारांच्या वादळात सापडलं. आत २२७ माणसं होती. वैमानिकाने वादळ टाळायला पलीकडे वळू का, असं लाहोरला विचारलं. नकार आला. वादळातून जाऊन विमान सुखरूप उतरलं, पण त्याचं नाक फुटलेलं होतं. देशांची भांडणं मोठी असतील, माझा त्यांच्याशी वाद नाही. पण संकटात सापडलेल्या विमानासाठी शीव उघडावी, हा नियम कुठल्याही भांडणाच्या वर असायला हवा.

अफगाणिस्तानवरून जाणारी विमानं बँकॉक का सांभाळतं, असं ऐकलं होतं?

सांभाळत नाही, रांग लावतं. आग्नेय आशिया आणि भारतातून युरोपला रात्री निघणारी विमानं एकाच सुमारास काबूलच्या आकाशाकडे यायची आणि तिथे मार्ग मोजके. २००७ मध्ये थायलंडने बॉबकॅट नावाची संगणक यंत्रणा सुरू केली. विमान कंपन्या आपली पसंती कळवतात, यंत्रणा प्रत्येकाला वेळ आणि उंची ठरवून देते आणि भारतासह वाटेतले देश ती मानतात. त्याआधी विमानं वाटेत ताटकळायची किंवा खालच्या उंचीवर जास्त इंधन जाळायची. ऑगस्ट २०२१ नंतर काबूलचं नियंत्रणच बंद पडलं आणि त्या आकाशात वैमानिक एकमेकांना रेडिओवर आपली जागा सांगत जाऊ लागले.

रडारची माहिती देश एकमेकांना देतात का?

काही देतात. सगळ्यांनी द्यावी असं मला मनापासून वाटतं. दक्षिण चीन समुद्रावर सिंगापूरला दिसायचं नाही. व्हिएतनामच्या कॉन सन बेटावर आणि इंडोनेशियाच्या बेटांवर विमानांचे संकेत पकडणारे छोटे एडीएस-बी टॉवर बसवले, त्यांची माहिती २०१३ पासून सिंगापूरला मिळू लागली आणि तिथेच रेडिओही बसवले. एका छोट्या बेटावरच्या अँटेनामुळे कितीतरी मोठ्या समुद्रावरचं अंतर कमी करता आलं. आता उपग्रहांवरूनही हे संकेत पकडता येतात. २०१९ मध्ये अटलांटिकवर त्याची सुरुवात झाली.

‘गगन’चा यात काय संबंध?

जीपीएसमध्ये काही मीटरची चूक असते, विमान उतरवायला ती चालत नाही. इस्रो आणि भारतीय विमानतळ प्राधिकरणाने मिळून ‘गगन’ उभारलं. जमिनीवरची केंद्रं चूक मोजतात आणि जीसॅट-८ आणि जीसॅट-१० हे उपग्रह दुरुस्ती विमानाला पाठवतात. आपल्या अक्षांशांवर वरच्या वातावरणातला विद्युतभारित थर फार चंचल असतो, त्यामुळे हे काम अमेरिका-युरोपपेक्षा अवघड होतं. अमेरिका, युरोप आणि जपान यांच्या यंत्रणा आणि गगन एकाच मानकावर आहेत, म्हणून एकच रिसीव्हर सगळीकडे चालतो. २८ एप्रिल २०२२ ला राजस्थानातल्या किशनगढला इंडिगोचं एटीआर विमान गगनच्या आधारे उतरलं.

या सगळ्याचे पैसे कोण देतं?

विमान कंपनी, म्हणजे शेवटी प्रवासी. ज्या देशाची सेवा घेतली त्याला अंतर आणि विमानाचं वजन यावरून शुल्क द्यावं लागतं. युरोपात सगळ्या देशांचं मिळून एकच बिल येतं, ते यूरोकंट्रोल वसूल करून वाटतं.

मुलीला एटीसीत, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रणात, जायचं आहे. कुठून सुरुवात करावी?

भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन बीएस्सी किंवा इंजिनिअरिंग. मग विमानतळ प्राधिकरणाची ज्युनिअर एक्झिक्युटिव्ह पदाची परीक्षा. प्रशिक्षण प्रयागराज, हैदराबाद किंवा आपल्या गोंदियाला होतं. इंग्रजी उत्तम हवं. आंतरराष्ट्रीय उड्डाणांचे वैमानिक आणि कंट्रोलर दोघांसाठीही इंग्रजीची चौथी पातळी इकाओने २००८ पासून सक्तीची केली आहे. पण त्याहून महत्त्वाचं, समोरच्याने परत म्हणून दाखवलेला आकडा खरंच ऐकायची सवय हवी. १२ नोव्हेंबर १९९६ ला हरियाणातल्या चरखी दादरीवर दोन विमानं आदळून ३४९ माणसं गेली, तेव्हा एका विमानाने ठरवून दिलेली उंची सोडली होती आणि दिल्लीच्या रडारला उंची दिसत नव्हती. त्यानंतर उंची दाखवणारं रडार आलं, टक्करविरोधी यंत्र सक्तीचं झालं.

मुलगा मुंबईहून निघाला. मोबाइलवरच्या ट्रॅकरवर विमान समुद्रावर अचानक दिसेनासं झालं. घाबरायचं का?

नाही. हा प्रश्न मला रात्री दोन वाजता सुद्धा आला आहे. ते ट्रॅकर बहुतेक जमिनीवरच्या, लोकांनी आपापल्या गच्चीवर लावलेल्या अँटेनांवर चालतात आणि समुद्रात गच्च्या नाहीत. काही वेळा पडद्यावरचं विमान नुसत्या अंदाजाने पुढे सरकत असतं. कंट्रोल रूममध्ये त्याची जागा कळत असते, मुंबईत नाहीतर मस्कतला. ओमानचा किनारा जवळ आला की ते तुमच्या पडद्यावरही पुन्हा उगवेल.